भोपळ्याच्या कोठारातली मोटार

मागच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. मडगावजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या माझ्या एका मित्राचा सकाळीच फोन आला. त्याच्या घरामागे, पूर्वी जिथे नारळ आणि सरपण ठेवत त्या खोपीत, त्याच्या आजोबांची ओपेल रेकॉर्ड गेली तीसेक वर्षे पडून आहे. घराची कौले परतायची होती, वाशांना वाळवी लागलेली होती, पैसे हवे होते आणि सामान ठेवायला खोपीतली जागाही हवी होती. म्हणून त्याने भंगारवाल्याला बोलावले. भंगारवाला वजनकाटा घेऊन आला, आणि नेमका त्याच वेळी मित्राचा मुलगा मोबाइल नाचवत बाहेर आला. ‘बाबा, थांबा! अमेरिकेत भंगारातली एक जर्मन मोटार ९३ लाख डॉलरना गेली आहे!’

भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवण्यात आले आणि मला फोन लावण्यात आला. ‘तू जुन्या गोष्टींवर लिहितोस ना? मग सांग, किती मागू?’

आमच्या पिढीच्या गोवेकराला जुन्या जर्मन मोटारीचे अप्रूप वाटायचे कारण नाही. मुक्तीपूर्व काळात इथल्या डोंगरांतले लोहखनिज मुरगाव बंदरातून जपानला आणि पश्चिम जर्मनीला जात असे, आणि त्याच बंदरात परदेशी मोटारी उतरत. उरलेला हिंदुस्थान अँबॅसडर आणि फियाटसाठी नंबर लावून बसला होता तेव्हा आमच्याकडच्या भाटकारांच्या आणि खाणवाल्यांच्या दारात ओपेल, फोक्सवॅगन, मर्सिडीज उभ्या असत. १९६१ नंतर त्यांतल्याच पुष्कळ मर्सिडीज टॅक्सी होऊन धावल्या. मर्सिडीजच्या टॅक्सीत पाच जागी आठ माणसे कोंबून, मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन मी स्वतः प्रवास केलेला आहे. जर्मन कारागिरीला याहून मोठे प्रशस्तिपत्र मला ठाऊक नाही. असो.

मुलाने वाचलेली बातमी खरी होती, पण अर्धी. ती मोटार म्हणजे मर्सिडीज ३०० एसएल, ‘गलविंग’ म्हणतात ती. दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडणारी. तशा मोटारी चौदाशेच्या आसपास झाल्या, पण त्यांतल्या फक्त २९ गाड्यांची बॉडी संपूर्ण ॲल्युमिनियमची होती. ही त्या २९ मधली, आणि काळ्या रंगात कारखान्यातून निघालेली एकुलती एक. रुडी क्लाइन नावाच्या एका जर्मन स्थलांतरिताने लॉस एंजेलिसमध्ये जुन्या गाड्यांचे भंगार-आवार थाटले होते. ‘पोर्शे’ हे नाव त्याने पाटीवर मुद्दाम एक अक्षर गाळून लावले होते. सुट्या भागांसाठी गाड्या विकत घेणे हा त्याचा धंदा. पण जी खरी दुर्मीळ ती तो विकत नसे. लोक येत, मोठमोठे आकडे बोलत, हात हलवत परत जात. २००१ मध्ये तो वारला. पुढे मुलांनीही वीसेक वर्षे त्या आवाराचे दार कुणाला फारसे उघडले नाही. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळ्याचा लिलाव झाला आणि धुळीत पडलेल्या त्या काळ्या मर्सिडीजला ९३ लाख ५५ हजार डॉलर आले.

मित्राला मी म्हटले, बाबा रे, तुझी रेकॉर्ड लाखोंनी झाली. ती २९ मधली नव्हे. पण तुला विकायचीच असेल तर विकायची कशी, हे एका माणसाकडून शिकण्यासारखे आहे. तो माणूस म्हणजे जॅक कॅस्टर, आणि त्याची मोटार बीएमडब्ल्यू ५०७. त्या सकाळी फोनवर सगळे सांगता आले नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

दुसऱ्या महायुद्धात बीएमडब्ल्यू विमानांची इंजिने बनवत होती. पराभवानंतर तिचे कंबरडे मोडले. म्युनिकच्या कारखान्यात काही काळ स्वयंपाकाची भांडीसुद्धा बनली. पुन्हा मोटारी बनू लागल्या तेव्हा कंपनीकडे मोटारींची दोनच टोके उरली होती. एकीकडे श्रीमंतांसाठी मोठ्या अवजड सेडान आणि दुसरीकडे ‘इसेटा’ ही अंड्यासारखी, समोरून दार उघडणारी टीचभर गाडी. मधले काहीच नाही. अशा वेळी न्यूयॉर्कमधला आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या मागे लागला की अमेरिकनांना आवडेल अशी एक उघडी स्पोर्ट्स कार करा, मी हजारोंनी विकतो. आराखडा काढला आल्ब्रेख्त ग्राफ गेर्ट्झ याने. तो जर्मन सरदार घराण्यातला, पण शिकला-सवरला अमेरिकेत. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात मोटार लोकांसमोर आली. लांबलचक नाक, बाजूला मासोळीच्या कल्ल्यांसारख्या फटी, आत ३.२ लिटरचे आठ सिलिंडरांचे ॲल्युमिनियम इंजिन, १५० अश्वशक्ती. आजही ती मोटार पाहिली की तिच्यातली एकही रेघ पुसावीशी वाटत नाही.

पण रेघा सुंदर असल्या म्हणून हिशेब जुळतोच असे नाही. बॉडी हाताने ठोकून बनवायची, त्यामुळे प्रत्येक गाडी शेजारच्या गाडीपेक्षा किंचित वेगळी. हॉफमनला ती पाच हजार डॉलरच्या आसपास विकायची होती. प्रत्यक्षात किंमत त्याच्या जवळजवळ दुप्पट झाली. १९५६ ते १९५९ या काळात मोजून अडीचशेच्या आसपास गाड्या झाल्या आणि प्रत्येक गाडीमागे कंपनीने पदरचे पैसे घातले. ९ डिसेंबर १९५९ रोजी भागधारकांची वादळी सभा झाली. बीएमडब्ल्यू सरळ मर्सिडीजवाल्यांच्या पदरात टाकायचा बेत होता. छोट्या भागधारकांनी आणि विक्रेत्यांनी तो हाणून पाडला. पुढे हर्बर्ट क्वांट यांनी पैसा ओतला म्हणून कंपनी वाचली. म्हणजे ज्या मोटारीसाठी आज करोडोंचे आकडे बोलले जातात, ती बनवणाऱ्याला बुडवायला निघाली होती. दुर्मीळपणाचे मूळ बहुधा असेच असते. चांगली चालली असती तर ढिगाने झाली असती.

आता आपली मोटार. चासी नंबर ७००७९. सप्टेंबर १९५७ मध्ये कारखान्यातून निघाली. रंग पांढरा, त्यांच्या भाषेत ‘पिसाचा पांढरा’. आधी ती फ्रँकफर्टच्या मोटार-प्रदर्शनात मिरवली, मग वार्ताहरांना चालवायला मिळाली, मग हान्स श्टुक याच्या हाती आली. हा श्टुक म्हणजे तिशीच्या दशकात ‘आउटो उनियन’च्या शर्यतीच्या गाड्या डोंगरघाटांत उधळणारा, घाटशर्यतींचा राजाच म्हणत त्याला. १९५८ मध्ये वय ५७. त्या वयात माणसे आमच्याकडे बलकांवावर बसून गुडघ्यांना तेल चोळतात. या गृहस्थाने हीच ५०७ घेऊन घाटांतल्या शर्यती जिंकल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकन सैन्यातला एक सक्तीभरतीचा जवान जर्मनीत उतरला. फ्रीडबर्गच्या छावणीत नेमणूक, बाड नाउहाइम गावात मुक्काम. त्याचे नाव एल्व्हिस प्रेस्ली. डिसेंबरमध्ये त्याने फ्रँकफर्टच्या विक्रेत्याकडून एक पांढरी ५०७ घेतली. ती हीच, श्टुकने शर्यतींत पिळून काढलेली. रोज छावणीत जायला-यायला तो ती वापरू लागला. गावातल्या मुली पांढऱ्या पत्र्यावर लिपस्टिकने निरोप आणि फोन नंबर लिहून ठेवत. शेवटी वैतागून त्याने मोटार लाल रंगवून घेतली, असे सांगतात. मार्च १९६० मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा मोटार जर्मनीतच परत करून गेला.

पुढे ती बोटीने न्यूयॉर्कला पोहोचली. तिथल्या एका क्रायस्लर विक्रेत्याकडून ४,५०० डॉलरना ती घेतली टॉमी चार्ल्सने. हा अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमचा रेडिओ निवेदक. (पुढे १९६६ मध्ये बीटल्सच्या तबकड्यांवर बहिष्कार घाला म्हणून ज्याने रेडिओवरून रान उठवले तोच.) त्याला शर्यतीचा षोक. नाजूक जर्मन इंजिन त्याच्या कामाचे नव्हते. त्याने ते काढले, गिअरबॉक्स काढला, मागचा आस काढला, आणि पुढच्या सांगाड्याचा थोडा भाग कापून तिथे शेव्हरोलेचे इंजिन बसवले. आज हे ऐकून जाणकारांच्या पोटात गोळा येतो. पण त्या वेळी ती तीन वर्षे वापरलेली, सुटे भाग न मिळणारी एक परदेशी मोटार होती, एवढेच. आमच्याकडे किती मर्सिडीजमध्ये कसली कसली इंजिने बसवली गेली ते आठवावे, म्हणजे टॉमी चार्ल्सवरचा राग जरा कमी होईल.

दोन-तीन हात बदलून १९६८ मध्ये ती कॅलिफोर्नियात जॅक कॅस्टरकडे आली. हा अंतराळयानांच्या क्षेत्रात काम करणारा अभियंता, जुन्या मोटारींचा भोक्ता. त्याच्याकडे आणखीही एक ५०७ होती. ही दुसरी आपण सवडीने दुरुस्त करू असे त्याने ठरवले. आणि ‘सवडीने’ या शब्दाचे जे व्हायचे तेच झाले. वर्षामागून वर्षे गेली. तो सुटे भाग जमवत राहिला, टिपणे काढत राहिला, आणि मोटार एका शेतावरच्या भोपळे साठवायच्या कोठारात उभी राहिली. उन्हाळा, पावसाळा, भोपळे. तळाचा पत्रा गंजत गेला, सीट फाटल्या, घड्याळे आणि काटे निकामी झाले.

मोटार गंजत होती तरी एक गोष्ट शाबूत होती, ती म्हणजे नंबर. २००६ च्या सुमारास जॅकी जुरे ही मोटारींवर लिहिणारी अमेरिकन पत्रकार एल्व्हिसच्या हरवलेल्या ५०७ चा शोध घेत होती. तिचा लेख कॅस्टरने वाचला आणि तिला कळवले की आपल्याकडे ७००७९ आहे. ती जाऊन पाहून आली. मग म्युनिकच्या कंपनी-दप्तरातल्या नोंदी तपासल्या गेल्या. अमुक दिवशी तयार झाली, रंग अमुक, चाके अमुक, आतली बैठक काळी-पांढरी. श्टुकची पांढरी गाडी आणि एल्व्हिसची लाल गाडी या दोन नसून एकच आहेत, आणि ती एक म्हणजे भोपळ्याच्या कोठारातली, हे पक्के झाले.

इथे मला जॅक कॅस्टरच्या जागी बसून पाहावेसे वाटते. वय सत्तरीपुढचे. हातात आता केवळ एक दुर्मीळ मोटार नाही, तर एल्व्हिस प्रेस्लीची मोटार. लिलाववाल्यांना नुसती कुणकुण लागली असती तरी दारात रांग लागली असती. एल्व्हिसच्या नावाशिवायही उत्तम ५०७ ला काय येते ते पाहा. शर्यतपटू जॉन सर्टीस याने नवी कोरी असल्यापासून जन्मभर सांभाळलेली ५०७ त्याच्या मृत्यूनंतर २०१८ मध्ये गुडवुडच्या लिलावात ३८ लाख पौंडांवर गेली. आणि इथे तर आख्खी दंतकथा होती.

कॅस्टरने लिलाव केला नाही. त्याने मोटार बीएमडब्ल्यूच्या जुन्या मोटारी सांभाळणाऱ्या विभागाला दिली. किंमत काय ठरली ते जाहीर झाले नाही. जाहीर झाली ती अट. मोटार मूळ रूपात उभी करायची, ती कशी करायची यावर त्याने इतक्या वर्षांत जे ठरवून ठेवले होते ते विचारात घ्यायचे आणि त्याने जमवलेले भाग वापरायचे. म्हणजे त्याने मोटार विकली; पण छेचाळीस वर्षे जे काम करायचे राहिले होते ते नव्या मालकाच्या अंगावर घालून विकली. रुडी क्लाइनने आयुष्यभर ‘नाही’ म्हटले आणि शेवटी त्याच्या गाड्या लिलावदाराच्या हातोड्याखाली एकेक करून पांगल्या. कॅस्टरने शुद्धीवर असताना, हातपाय चालत असताना ‘हो’ म्हटले, आणि म्हणून त्याला अट घालता आली. मला या दोघांत कॅस्टर शहाणा वाटतो. मात्र त्याच्याही हातून चाळीस वर्षे एक स्क्रू फिरला नाही, हेही विसरून चालणार नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यात मोटार म्युनिकला पोहोचली. बीएमडब्ल्यूने एक फार चांगली गोष्ट केली. कामाला हात लावण्याआधी ऑगस्टमध्ये ती जशी मिळाली तशीच संग्रहालयात मांडली. गंज, पोपडे, ओरबाडलेली बैठक, इंजिनाच्या जागी रिकामी पोकळी, सगळे लोकांना पाहू दिले. मग काम सुरू झाले. सगळे सुटे केले, रासायनिक बुडवणीत रंग आणि गंज उतरवला. तळपत्रा आणि इंजिनामागचा पडदा नवा करावा लागला. मूळ इंजिन तर केव्हाच गेलेले; जुन्या सुट्या भागांतून त्याच मापाचे दुसरे बांधले. काच खालीवर करायचा दांडा आणि दाराची मूठ कुठेच मिळेना, तेव्हा त्या त्रिमिती छपाईने बनवल्या. रंग मात्र जुन्या पद्धतीनेच चढवला. दोन वर्षे लागली. ऑगस्ट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच येथे, म्हणजे त्या भोपळ्याच्या कोठारापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, ती पिसासारखी पांढरी मोटार हिरवळीवर उभी राहिली. जॅक कॅस्टर तिथे नव्हता. काम जेमतेम सुरू झाले तेव्हाच, नोव्हेंबर २०१४ मध्ये, तो वारला होता.

आता माझी एक कुरकुर. मोटार पांढरी का? एल्व्हिसला मिळाली तेव्हा ती पांढरी होती हे खरे. पण ती एल्व्हिसची झाली, लिपस्टिकची कथा घडली, तिच्यातून जो प्रसिद्ध रंग निघाला तो लाल. शर्यती जिंकणारी पांढरी गाडी श्टुकची. आणि शेव्हरोलेचे इंजिन? तोही तिच्या आयुष्याचा भाग होता. ते वाईट होते, पण खोटे नव्हते. जुनी वस्तू ‘मूळ रूपात’ आणायची म्हणजे तिच्या आयुष्यातला एक दिवस निवडायचा आणि बाकीचे दिवस खरवडून टाकायचे. कुठला दिवस निवडायचा हा अधिकार विकणारा सोडून देत असतो. कॅस्टरने तो सोडला नाही. दिवस कुठला ते त्याच्या संमतीने ठरले, म्हणून माझी कुरकुर मी इथेच आवरती घेतो.

आपल्याला हा प्रश्न परका नाही. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द गोव्यातल्या प्रत्येक गावात वर्षाकाठी एकदा तरी ऐकू येतो, आणि पुष्कळदा त्याचा अर्थ होतो जुने लाकडी खांब काढून सिमेंटचे उभे करणे आणि मातीच्या भिंतीला मार्बल लावणे. नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झाला. अलीकडे पुरातत्त्व खात्याने त्याचे काम हाती घेतले आणि २०२३ मध्ये ते पुरे झाले. तेव्हाही प्रश्न हाच होता की कुठल्या काळचे देऊळ ठेवायचे. तिथे निदान विचारून, जपून झाले. सगळीकडे तसे होत नाही.

मूळचे किती उरले म्हणजे वस्तू तीच, यावर मोटारवाल्यांचे उत्तर रोखठोक आहे: नंबर. जर्मनीतच २०१४ मध्ये याचा एक नमुना घडला. जुन्या सामानाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाची मंडळी ब्रांडेनबुर्ग भागातल्या एका कोठारात गेली. तिथे दोन जुन्या पोर्शे होत्या, एक सोनेरी आणि एक लाल. लाल गाडीचे पुढचे दोन्ही मडगार्ड नाहीत, तळ कुजलेला, आतले सामान गेलेले. सोनेरी गाडी दिसायला बरी, म्हणून कुणालाही वाटले असते हीच मोलाची. पोर्शेच्या संग्रहालयाला फोन गेला, नंबर सांगितले गेले. लालचा नंबर निघाला ३००.०५७. म्हणजे ती ९११ नव्हेच; ती ९०१. पोर्शेने नव्या मोटारीला ९०१ नाव दिले होते, त्यावर १९६४ मध्ये प्यूजोने हरकत घेतली की मधे शून्य असलेले तीन आकडी नाव फ्रान्समध्ये आमच्या हक्काचे. पोर्शेने शून्याचा एक केला. तोवर फक्त ८२ मोटारी ‘९०१’ म्हणून बनल्या होत्या, आणि संग्रहालयापाशी त्यांतली एकही नव्हती. तज्ज्ञांकडून रीतसर किंमत ठरवून घेतली गेली: कुजलेल्या लाल गाडीला १,०७,००० युरो आणि धडधाकट सोनेरीला १४,५०० युरो. मालकाला याची कल्पना नव्हती. संग्रहालयाला होती. मनात आणले असते तर दोन्ही गाड्या भंगाराच्या भावात उचलता आल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. मग तीन वर्षे काम करून, त्याच काळातल्या दुसऱ्या एका गाडीच्या पत्र्याचे तुकडे जोडून, डिसेंबर २०१७ मध्ये ती लोकांसमोर ठेवली.

हे सगळे मी मित्राला सांगितले ते जेवणावर, फोननंतर दोन दिवसांनी, त्याच्याच घरी. सुंगटांचे हुमण होते म्हणून त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग तो व्यवहाराच्या गोष्टीवर आला. ‘म्हणजे माझ्या गाडीचे करू काय?’

मी म्हटले, आधी नंबर शोध. कागद शोध. मुक्तीपूर्वीचा पोर्तुगीज कागद असेल तर फार उत्तम, नंतरच्या ‘जीडी’ नंबराचे पुस्तक असेल तर तेही. निघालेले सगळे भाग, गंजलेला स्क्रूसुद्धा, एका पेटीत भर. धुऊ नकोस, रंगवू नकोस, गॅरेजवाल्याला देऊन ‘जरा चकचकीत’ करू नकोस. घेणाऱ्याला खरा गंज दिसू दे, लपवलेला गंज तो आपण होऊन दुप्पट धरतो. आणि हेही सांगितले की साध्या मोटारीच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च बहुधा तिच्या किमतीला गिळून टाकतो, त्यामुळे घेणारा येईल तो नफ्यासाठी येणार नाही, वेडापायी येईल. कायदा आता थोडा सोपा झाला आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, वीस हजार रुपये भरून. पण इथेही तोच शब्द, मूळ रूप.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे केरोसीनचा बोळा आणि टॉर्च घेऊन खोपीत शिरलो. एक कोंबडी मागच्या सीटवर अंड्यांवर बसली होती, तिला उठवले नाही. इंजिनाच्या झाकणाखालच्या पट्टीवर घासून घासून नंबर वर आला. शेवटचा आकडा तीन की आठ यावर आमचे एकमत झाले नाही. कागद मित्राच्या आत्याच्या पेटीत सापडला, बारशाच्या पत्रिकांच्या खाली. कागदावर आठ होता.

गिऱ्हाईक यायला पाच महिने लागले. बेळगावचा एक तरुण, स्वतःचे छोटे वर्कशॉप असलेला, नमस्कारानंतर पहिल्यांदा गाडीखालीच शिरला. आकडा सांगत नाही, पण त्यात कौले परतून झाली, वासे बदलून झाले आणि वर थोडे उरले. भंगारवाल्याच्या आकड्याच्या ते कितीतरी पुढे होते. सौदा ठरल्यावर मित्र जरा घुटमळला आणि म्हणाला, एक अट आहे, रंग आजोबांच्या वेळचाच द्यायचा. त्या मुलाने मान डोलावली. ‘काका, देतो. पण रंग कुठला होता?’

बाहेर तर गंजाखेरीज काहीच नव्हते. मग आम्ही चालकाच्या सीटखालचे जुने रबरी पायपुसणे उचलले. त्याखाली तळहाताएवढा तुकडा राहिला होता, उन्हापासून सुटलेला. मित्र म्हणाला, फिकट निळा. आत्या काठी टेकत खोपीच्या दारापर्यंत आली होती. टॉर्चच्या उजेडात तिने वाकून पाहिले.

‘निळी नव्हती रे ती,’ आत्या म्हणाली. ‘हिरवी होती. शेवाळ्यासारखी.’

बेळगावच्या त्या मुलाने खिशातून छोटी सुरी काढली, तुकड्याच्या कडेचा नखाएवढा पोपडा अलगद सोडवला आणि कागदात गुंडाळून घेतला.